पायरेट्सचा 2025 चा हंगाम: 71 विजय, 91 पराभव आणि एकट्या पडलेल्या स्कीन्सचा प्रश्न

प्रश्न — गोदाकाठ, नाशिक

नमस्कार मंडळी,

पॉल स्कीन्स या पिचरला (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला) अमेरिकन बेसबॉलमधल्या नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा मान, एकमताने मिळाल्याची बातमी वाचून मनापासून आनंद झाला, आणि लगेच त्याच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाच्या सबंध हंगामाचा ताळेबंद डोळ्यांपुढे उभा राहिला. 2008 साली या संघाने रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंशी करार केला, तेव्हापासून मी पायरेट्सचा चाहता आहे. ते दोघे मुख्य संघापर्यंत पोहोचले नाहीत, तरी माझी निष्ठा तिथेच राहिली. पिट्सबर्गमधला संध्याकाळी 6:40 चा सामना आपल्याकडे पहाटे 4:10 ला सुरू होतो, त्यामुळे आपल्या शहरात हा संघ नियमितपणे पाहणारी माणसे फार नसणार, हे उघड आहे. पण इथल्या काही सभासदांना बेसबॉलची चांगली जाण आहे, म्हणून प्रश्न सविस्तर मांडतो.

स्कीन्सने यंदा नऊ इनिंगमागे सरासरी अवघ्या 1.97 धावा दिल्या आणि 216 फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. इतके करून त्याच्या नावावर 10 विजय आणि 10 पराभव लागले. बेसबॉलमध्ये सामन्याचा निकाल एका पिचरच्या नावे नोंदवला जातो, पण पिचर कितीही चांगला असला तरी धावा त्याच्या सहकाऱ्यांनीच करायच्या असतात. 18 मे रोजी फिलाडेल्फियात त्याने आठही इनिंग एकट्याने टाकल्या (यजमान आघाडीवर असल्याने नववी टाकावीच लागली नाही), प्रतिस्पर्ध्याला एकच धाव करू दिली, आणि पायरेट्स तो सामना 1-0 ने हरले. मोठ्या लीगमध्ये अख्खा सामना एकट्याने टाकण्याची त्याची ती पहिलीच वेळ होती. शेवटचा फलंदाज बाद झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही, त्याने हातमोजा काढला आणि तो निमूटपणे आत गेला. मला मात्र त्या दिवशी कामात लक्ष घालता आले नाही.

या संघात अजिबात दम नाही, असेही म्हणता येत नाही. जूनअखेर आणि जुलैच्या सुरुवातीला न्यूयॉर्क मेट्स आणि सेंट लुईस कार्डिनल्स या संघांविरुद्धचे सहाही सामने पायरेट्सनी जिंकले. त्या सहा सामन्यांत त्यांनी 43 धावा केल्या आणि फक्त 4 दिल्या. कार्डिनल्सला तर तीनही सामन्यांत एकसुद्धा धाव करू दिली नाही. मी मोठ्या आशेने सिअॅटलचे सामने पाहायला बसलो. तिथे मरिनर्सनी आपल्या संघाला लागोपाठ तीन सामन्यांत शून्यावर रोखले आणि निकाल लागले 6-0, 1-0, 1-0. शेवटच्या दोन सामन्यांत पिचरांनी प्रत्येकी एकच धाव दिली होती. त्यांनी याहून अधिक काय करायला हवे होते?

हंगाम संपला तेव्हा 30 संघांमध्ये सर्वांत कमी धावा पायरेट्सच्या होत्या: 583. होमरनही (थेट भिंतीपलीकडे मारलेले फटके) सर्वांत कमी, 117. संघाची अवस्था 12 विजय आणि 26 पराभव अशी असताना, 8 मे रोजी व्यवस्थापक डेरेक शेल्टन यांना दूर करून डॉन केली यांच्याकडे सूत्रे देण्यात आली. केलींच्या हाताखाली संघ 59-65 असा खेळला. ही सुधारणा मी मान्य करतो, पण फलंदाजांची फळी तीच राहिली.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आपल्या संघाच्या घरच्या मैदानाची, पीएनसी पार्कची, उजव्या बाजूची भिंत 21 फूट उंच आहे, कारण 21 हा पायरेट्सचे थोर खेळाडू रोबेर्तो क्लेमेंटे यांच्या जर्सीचा क्रमांक. भूकंपग्रस्त निकाराग्वाला मदत घेऊन जाताना 31 डिसेंबर 1972 रोजी विमान अपघातात ज्यांचा मृत्यू झाला, त्या क्लेमेंटे यांचे स्मृतिचिन्ह यंदा त्या भिंतीवरून काढून तिथे एका मद्याची जाहिरात लावली गेली. त्यांच्या मुलाने जाहीर नाराजी व्यक्त केल्यावर ते चिन्ह परत लावण्यात आले. ज्यांच्या हाती संघ आहे त्यांना या संघाचे मोल किती वाटते, हे मला त्यातून कळले.

माझे मत स्पष्ट आहे: या हंगामाचा पहिला दोष मालक बॉब नटिंग यांचा आहे. आपल्याला काय वाटते? आणि स्कीन्सचे पुढे काय करावे?

उत्तर 1 — सॉफ्टबॉल प्रशिक्षिका, नाशिकरोड

दादा, मालकांविषयीचा आपला राग योग्य आहे, पण सगळा दोष तिजोरीवर टाकला तर मैदानावरची चूक झाकली जाईल. मी शाळेतल्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवते, त्यामुळे माझी नजर आधी फलंदाजाच्या पायांकडे आणि खांद्याकडे जाते.

ओनील क्रूझचे उदाहरण घ्या. 25 मे रोजी मिल्वॉकीविरुद्ध त्याने मारलेला होमरन ताशी 122.9 मैल वेगाने बॅटवरून सुटला. वेगाची मोजणी सुरू झाल्यापासून त्याहून जोरदार फटका कोणाचाही नोंदलेला नाही. त्याच क्रूझची हंगामाची सरासरी .200 राहिली, म्हणजे दर दहा प्रयत्नांत दोनच यशस्वी फटके. तरीही त्याचे 20 होमरन हा संघातला सर्वाधिक आकडा ठरला. तो डावखुरा फलंदाज आहे, आणि समोर डावखुरा पिचर आला की बाहेर जाणाऱ्या चेंडूवर त्याचा पुढचा खांदा लवकर उघडतो. मग हात कितीही ताकदीचे असले तरी बॅट चेंडूच्या वरून किंवा अलीकडूनच फिरते. मुलींना मी टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांडीवर) चेंडू ठेवून हीच खोड मोडायला लावते, आणि त्याला महिने लागतात. व्यावसायिक संघाकडे यासाठी पगारी प्रशिक्षक आहेत, कॅमेरे आहेत, वर्षे आहेत. तरीही ही खोड तशीच राहिली असेल, तर शिकवण्याच्या पद्धतीत काहीतरी मुळातच चुकते आहे.

हा एकट्या क्रूझचा प्रश्न नाही. 2021 च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) पायरेट्सनी अगदी पहिल्या क्रमांकावर निवडलेला हेन्री डेव्हिस अजूनही फलंदाज म्हणून स्थिरावलेला नाही. केब्रायन हेजशी 2022 मध्ये आठ वर्षांचा करार केला. तिसऱ्या बेसवर त्याच्यासारखा क्षेत्ररक्षक दुर्मीळ, पण बॅट चालली नाही आणि जुलैअखेर त्याला सिनसिनाटीला देऊन टाकले. याउलट पिचर पाहा: स्कीन्स आहे, ऑगस्टमध्ये बबा चँडलर आला. पिचर घडवण्याची विद्या त्यांच्याकडे आहे आणि फलंदाज घडवण्याची नाही. त्याची जबाबदारी 2019 च्या अखेरीपासून सरव्यवस्थापक असलेल्या बेन चेरिंग्टन यांच्यावर येते.

मैदानाचाही थोडा वाटा आहे. पीएनसी पार्कमध्ये डाव्या-मधल्या भागात भिंत 410 फुटांपर्यंत लांब जाते, त्यामुळे उजव्या हाताच्या फलंदाजांचे उंच फटके तिथे झेल होतात. म्हणून नवा फलंदाज आणायचा तर तो डावखुरा असावा.

उत्तर 2 — जमाखर्च, कॉलेज रोड

मी हिशेबाच्या बाजूने लिहितो, कारण "लहान शहर, गरीब संघ" हे वाक्य फार सहज स्वीकारले जाते.

अमेरिकन बेसबॉलमध्ये पगारावर कमाल मर्यादा नाही. ठरावीक रकमेपुढे, म्हणजे 2025 साठी 24 कोटी 10 लाख डॉलरपुढे, कर लागतो इतकेच, आणि लॉस एंजेलिस डॉजर्ससारखे संघ तो कर भरून पुढे जातात. पायरेट्सचा पगारखर्च 10 कोटी डॉलरच्याही खाली होता. ही दरी खरी आहे. पण प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नातला 48 टक्के वाटा एकत्र करून सर्वांमध्ये समान वाटला जातो, आणि राष्ट्रीय प्रक्षेपणाचे पैसे वेगळे मिळतात. म्हणजे लहान शहराच्या संघाला हात अगदीच बांधून ठेवलेले नाहीत. त्याच विभागातला मिल्वॉकी ब्रुअर्सचा संघ पाहा. तेही मोठे शहर नाही, तरी यंदा 97 सामने जिंकून हंगामातली सर्वोत्तम कामगिरी त्यांनीच केली. आणि पिट्सबर्गने स्वतः 2013 ते 2015 सलग तीन वर्षे पोस्टसीझन (हंगामानंतरची बाद फेरी) गाठला होता. 2015 मध्ये तर 98 सामने जिंकले होते. तेव्हाही मालक नटिंगच होते.

गोदाकाठ, आपल्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझे उत्तर कदाचित आवडणार नाही. स्कीन्सवर संघाचा हक्क 2029 च्या हंगामापर्यंत आहे. त्याला दीर्घ कराराने बांधण्याइतके पैसे हे मालक देतील, असे मला त्यांच्या आजवरच्या खर्चावरून दिसत नाही. ब्रायन रेनॉल्ड्सचा 10 कोटी 67 लाख 50 हजार डॉलरचा करार हा 2025 पर्यंत या संघाच्या इतिहासातला सर्वांत मोठा, आणि स्कीन्सची किंमत त्याच्या कितीतरी पट आहे. मालक बदलत नसतील, तर चार हंगाम शिल्लक असतानाच त्याच्या बदल्यात तीन-चार तयार फलंदाज घ्यावेत. दोन वर्षांनी त्याला निम्मेच मोल येईल. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

उत्तर 3 — बागाईतदार, दिंडोरी

जमाखर्च साहेबांचा हिशेब बिनचूक आहे, पण निष्कर्ष मला पटला नाही.

द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड तयार होतो आणि माल दिसतो तो ऑक्टोबरच्या गोडीबार छाटणीनंतर. एप्रिलमध्ये ज्याने खर्चाला हात आखडला, त्याने ऑक्टोबरनंतर कितीही खते ओतली तरी काडीत नसलेला घड बाहेर येत नाही. पायरेट्सची काडी आत्ता कुठे भरते आहे. 2024 मध्ये नवव्या क्रमांकावर निवडलेला कोनर ग्रिफिन हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) यंदा मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, .333 सरासरीने खेळला, त्याने 21 होमरन मारले आणि 65 बेस चोरले (फटक्याविना धावत गाठले). वय 19. असा मुलगा दाराशी आलेला असताना स्कीन्सला विकणे म्हणजे माल हाती येण्याच्या तोंडावर बाग तोडणे आहे. दोघे एकत्र किमान तीन हंगाम खेळू शकतात, आणि तेवढ्यासाठी तरी थांबायला हवे.

पुन्हा गोदाकाठ

सर्वांचे आभार. ताई, क्रूझच्या खांद्याबद्दल आपण लिहिलेले वाचून त्याचे डावखुऱ्या पिचरसमोरचे काही प्रयत्न पुन्हा पाहिले आणि आपले म्हणणे अक्षरशः दिसले. चेरिंग्टन यांच्या वाट्याचा दोष मी मान्य करतो.

जमाखर्च साहेब, विकण्याच्या सल्ल्याला मात्र माझा ठाम विरोध आहे आणि त्याचे कारण या संघाच्या इतिहासातच आहे. जानेवारी 2018 मध्ये गेरिट कोल हा पिचर ह्यूस्टनला दिला. त्याने पुढे न्यूयॉर्क यँकीजकडून 2023 चा साय यंग जिंकला. त्याच्या बदल्यात आलेल्यांपैकी जो मसग्रोव्ह चांगला निघाला, तर 2021 मध्ये त्यालाही सॅन दिएगोला दिले, आणि तिथे पहिल्याच महिन्यात त्याने नो-हिटर (एकही यशस्वी फटका न देता पूर्ण सामना) टाकला. 2018 च्या जुलैअखेरीस ख्रिस आर्चरसाठी टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघे दिले. तो ग्लासनाऊ यंदा डॉजर्सच्या जगज्जेत्या संघात होता. विकून फलंदाज घ्यावेत हे कागदावर बरोबर दिसते, पण ते फलंदाज निवडणार कोण? ज्यांना 30 संघांत सर्वांत कमी धावा करणारी फळी उभी करता आली, तेच. माझा त्यांच्यावर तेवढा विश्वास उरलेला नाही.

दिंडोरीकर, ग्रिफिनविषयी आपली आशा माझीही आहे. पण ती एकट्या 19 वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे होईल. डिसेंबर 2016 नंतर 2025 च्या हंगामाअखेरपर्यंत पायरेट्सनी खुल्या बाजारातल्या कोणत्याही खेळाडूला एकापेक्षा अधिक वर्षांचा करार दिलेला नव्हता. दर हिवाळ्यात एका वर्षासाठी कुणीतरी उतरणीला लागलेला खेळाडू येतो आणि जुलैमध्ये जातो. म्हणून 2025-26 च्या हिवाळ्यात मी फक्त एक गोष्ट पाहणार आहे: ताईंनी सांगितले तसा एक डावखुरा, होमरन मारू शकणारा फलंदाज किमान दोन वर्षांच्या कराराने येतो का. तो आला तर मी नटिंग यांच्याविषयीचे मत बदलायला तयार आहे. न आल्यास 2026 मध्ये स्कीन्स पुन्हा आठ इनिंग टाकून 1-0 ने हरेल, आणि त्या पराभवावर मी स्कीन्सचे नाव लावणार नाही.