डेटाबेस सर्व्हरवर न्यूमा बॅलन्सिंग बंदच करावं, माझं मत

लातूरकर
दोन सॉकेटचा (दोन प्रोसेसरचा) सर्व्हर, प्रत्येकाजवळ आपली मेमरी, तो एक नोड. न्यूमा बॅलन्सिंग म्हणजे लिनक्सचा कर्नल (गाभा) मेमरीची पानं ती वापरणाऱ्या नोडजवळ आपोआप हलवतो. ते चालू आहे अन् ऐन गर्दीत क्वेऱ्या मधेच अडकायल्यात. काल व्हीएमस्टॅट (कर्नलचे मेमरीचे आकडे) उघडलं तर 'न्यूमा पेजेस मायग्रेटेड' (हलवलेली पानं) नुसतं पळायलंय. ४ केबीचं एक पान हलवायला मॅपिंग काढा, ती प्रोसेस चाललेल्या कोअरांचं टीएलबी (पानांचे पत्ते लक्षात ठेवणारा कॅश) झाडा, कॉपी करा, परत मॅप करा. तोवर ज्याला पान पाहिजे तो दारात उभा. वर कोणता नोड काय वापरतो हे कळावं म्हणून कर्नल स्वतःच मुद्दाम फॉल्ट (पान वापरताना अडथळा) पाडतो! सिसकंट्रोलनं (कर्नलच्या सेटिंगची कमांड) बॅलन्सिंग शून्य करा, विषय मिटला.

बीडवाला
मिटला कसा, दादा? २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. बंद केलं की दूरच्या नोडवरच्या पानासाठी तसंच, तांब्यातांब्याला रेल्वे. आणि कर्नल फक्त पानं हलवत नाही, टास्कलाही (चालू कामालाही) पानांकडं नेतो. ऊस टोळीकडं येत नाही, टोळी फडावर जाते.

लातूरकर
टोळीला फड एक असतो हो. इथं शेकडो प्रोसेस अन् एकच शेअर्ड बफर (सगळ्यांची सामायिक मेमरी). दोन्ही नोड तेच पान मागतात, ते बिचारं येरझाऱ्या घालायलंय.

बीडवाला
त्यासाठीच तर गाळणी आहे. एकाच नोडकडून सलग दोन फॉल्ट आले तरच पान हलतं. आधी 'हिंट फॉल्ट्स' (ते मुद्दाम पाडलेले फॉल्ट) आणि 'हिंट फॉल्ट्स लोकल' (त्यातले आपल्याच नोडवरच्या पानांचे) शेजारी ठेवून बघा. बहुतेक लोकल असतील तर दोष मायग्रेशनचा नाही, दुसरीकडं शोधा.

नांदेडची सिसॲडमिन
दोघंही एका गोष्टीला बगल द्यायलात. नुसतं बंद केलं तर ज्या नोडनं पान पहिल्यांदा शिवलं तिथंच ते बसून राहतं. सुरुवातीला एकाच थ्रेडनं बफर गरम केला (डेटा भरून ठेवला) की सगळा भार एका सॉकेटवर. माझ्याकडं हेच झालं होतं, आठवडा गेला शोधण्यात. शेअर्ड बफर आधीच राखून ठेवलेल्या २ एमबीच्या ह्यूज पेजेसमध्ये (मोठ्या पानांत) टाका, त्यांना हा फॉल्ट पाडणारा स्कॅनर हातच लावत नाही. डेटाबेस न्यूमाकंट्रोल कमांडनं इंटरलीव्ह लावून (पानं सगळ्या नोडांवर आळीपाळीनं वाटून) सुरू करा. बाकी प्रोसेसेसना बॅलन्सिंग चालू राहू द्या.

लातूरकर
ताई, पटतंय. पण मशीन महिनोन्महिने चालू आहे, मेमरीचे तुकडे तुकडे झालेत, आता एवढी सलग जागा मिळायची नाही. रीबूट लागणार, आणि तो मला रविवारशिवाय कोण देतो? तोवर शून्यच.

बीडवाला
शून्य करायच्या आधी ते दोन आकडे टाका इथं. मग बोलू.