मदत हवी आहे: जुन्या घरात शॉकपासून वाचवणारे सॉकेट

मंडळी, आमचं घर मालवणजवळ, जांभ्याचं, वायरिंग जुनं. गेल्या पावसाळ्यात मागच्या पडवीतल्या वॉशिंग मशीनला हात लावताच आईला सणसणीत शॉक बसला. पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

वायरमनने सॉकेट उघडलं तर अर्थिंगची वायरच नाही, अर्थच्या पिनेला न्यूट्रलचा तुकडा जोडलेला! तो लगेच काढायला लावला. मेन बोर्डात फक्त एमसीबी (आपोआप पडून वीज तोडणारे स्विच) आहेत. त्या ओव्हरलोडला आणि शॉर्टसर्किटला पडतात, माणसाच्या अंगातून जाणाऱ्या थोड्या करंटला नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे तेवढा करंट बाहेर गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवायचं ठरवलंय.

अडचण अशी की पूर्ण घराला एकच लावली, तर ओल आलेल्या एखाद्या बोर्डामुळे रात्री सगळा काळोख, आणि फ्रीजही बंद. त्यापेक्षा पडवी, गिझर आणि विहिरीचा पंप यांना वेगवेगळ्या लावाव्यात का? आतच आरसीडी (तशीच गळती ओळखून वीज तोडणारी यंत्रणा) असलेले सॉकेटही मिळतात, पण आमच्याकडे खाऱ्या हवेने पितळी पिना हिरव्या पडतात. असे सॉकेट किनाऱ्यालगत कुणी वापरलेत का? टेस्टचं बटण दाबल्यावर अजून नीट पडतात का?

आणि अर्थिंग. घराभोवती कातळ, हातभर खणलं की पहार वाजते. मे महिन्यात जमीन ठणठणीत कोरडी. विहिरीजवळ ओल असते, तिथे इलेक्ट्रोड (अर्थिंगची धातूची सळई किंवा पत्रा) पुरून वायर घरापर्यंत आणलेलं कुणी आहे का? किती खोल गेलात, खर्च किती आला, कृपया सविस्तर सांगा. पाऊस सुरू होण्याआधी काम उरकायचं आहे.