एलएस 3/5ए चा खर्ज: दोष पेटीचा की खोलीचा?

समेवर: ऑडिओ प्रदर्शनात, हॉटेलच्या खोलीत एलएस 3/5ए हे लहान स्पीकर ऐकले. तिसरी रांग, स्पीकर मागच्या भिंतीपासून मीटरभर पुढे. बाईचा आवाज सुरेख, शब्दन् शब्द स्वच्छ. पण तानपुऱ्याचा खर्ज गायब आणि डग्गा पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. लहान पेटी ती लहानच. लाखांत किंमत कसली घेतात?

ओहम: राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. बीबीसीने हा स्पीकर 1970च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या (स्टुडिओबाहेरून कार्यक्रम पाठवणाऱ्या) गाडीसाठी केला. तिथे कान हाताच्या अंतरावर असतो, तिसऱ्या रांगेत नाही. पेटी पाच लिटरची, एका वॅटला एक मीटरवर 83 डेसिबल. 25 वॅट दिले की 97. तीन मीटरवर त्यातले साडेनऊ गेले. शिवाय जुनी आवृत्ती 15 ओहमची (विजेला जास्त अडथळा करणारी), म्हणजे 8 ओहमला 50 वॅट देणारा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर तिथे 27च देतो. आणि भिंतीपासून मीटरभर? परतलेली लाट 86 हर्ट्झला उलटी येऊन मिळते, नेमका तिथेच खड्डा, म्हणजे तो स्वर दबतो. 40 सेंटीमीटरवर आणा, भिंत खालचे स्वर उचलून देईल.

समेवर: दोन स्पीकर असतात, तीन डेसिबल वाढतात. ते सोयीने सोडलंत.

ओहम: धरा तीन. तरी शिखर, म्हणजे जास्तीत जास्त आवाज, 90. तबल्याची थाप सरासरीपेक्षा 15-20 वर उसळते, म्हणजे सरासरी 70-75. भरल्या खोलीत, एसी चालू असताना, त्यात बारकावे काय ऐकू येणार?

जवारी: 40 सेंटीमीटरचा सल्ला घातक आहे! खड्डा जात नाही, 214 हर्ट्झला सरकतो. काळी पाच पट्टीचा षड्ज 233ला. तुम्ही डग्गा वाचवायला गायिकेचा आवाज कापताय. आणि तानपुरा धरा. काळी एकला खर्जाची तार 69ला, पण जवारी (घोडीवरून तारेला येणारी झणझण) नीट लागली असेल तर त्या तारेत मूळ स्वर दुबळा आणि उपस्वर (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) दांडगे. 139, 208, 277 नीट पोचले की खालचा 69 कान स्वतः भरून काढतो. त्यातला 208 तुमच्या खड्ड्यात! प्रदर्शनात गिटार आणि संथ जॅझच वाजतं, म्हणून हे कुणाला कळतच नाही. एकही खोलीवाला तानपुरा लावत नाही, याची चीड येते.

समेवर: म्हणजे खर्ज ऐकू आला नाही हे माझं म्हणणं बरोबर ना? मग आकडे तोंडावर फेकून माझे कान का खोटे ठरवताय?

ओहम: कान खरे, निकाल चुकीचा. 214चा मुद्दा मात्र मान्य करावाच लागतो. त्यावर उपाय आहे: पेटी साधारण साडेसोळा सेंटीमीटर खोल, मागे 23 उरतात. भिंतीपासून 10 सोडून 10 जाडीचं रॉकवूलचं (आवाज शोषणाऱ्या खनिज लोकरीचं) पॅनल उभं करा. खड्डा बुजत नाही, उथळ होतो. पेटी बंद आहे, मागे पोर्ट (हवा ये-जा करायचं भोक) नाही, म्हणून हे चालतं. पोर्टवाल्या स्पीकरमागे तीन सेंटीमीटरवर पॅनल ठेवू नका, पोर्टचा श्वास कोंडतो.

जवारी: पॅनल फक्त स्पीकरच्या रुंदीचं कापलंत तर उपयोग शून्य. 214ला तरंगलांबी 1.6 मीटर, लाट कडेने वळसा घालून जाते. निदान 60 बाय 120 सेंटीमीटर हवं.

समेवर: पॅनल लावा, पुढे सरकून बसा, अंतर मोजा! आणि एवढं करूनही सव्वाशे हर्ट्झच्या आसपास रचनेतच फुगवटा दिलाय, त्यानेच भरीवपणा वाटतो. 50च्या खाली पेटी काही देत नाही, ते कुठलं पॅनल देणार? पखवाजाचं धुमं (खर्जाची बाजू) आतड्यात जाणवायला हवं असेल त्याने हे घेऊ नयेत.

ओहम: पखवाजासाठी घेऊ नयेत, कबूल. ख्याल ऐकणाऱ्याला 'खर्ज गायब' म्हणून परतवू नका, एवढंच मागतोय. पुढच्या प्रदर्शनात पहिल्या रांगेत, दीड मीटरवर बसा आणि आपलं तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावायला सांगा.

जवारी: आणि आवाज वाढवायला सांगू नका. तानपुरा जोरात लावला की जवारी चिरकते, मग पुन्हा पेटीलाच दोष.