हाताखालची उमेदवारी : कमर्शियल फोटोग्राफरकडे नेमकं काय शिकायचं?

लग्नाच्या फोटोंचा धंदा सगळ्यांना ठाऊक आहे, हा धागा त्याबद्दल नाही. कारखान्याचं कॅटलॉग, साडीच्या दुकानाचं ऑनलाइन पान, मिठाईचा खोका, चपलेची जाहिरात असली कामं करणाऱ्याच्या हाताखाली राहायचं तर काय पडेल ते काम कसं करायचं, हे बेळगाव, खानापूर, निपाणी, गोकाक, अथणी भागातल्या जाणत्यांनी लिहावं. 'मी कसा घडलो' नको. कुठल्या वस्तूला कुठला लाइट, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहा. वाचणारा पहिल्या महिन्यातला पोरगा किंवा पोरगी आहे असं धरा.

उद्यमबाग आणि मच्छे (बेळगावचे कारखान्यांचे भाग), ओतकामाचे आणि मशीन केलेले भाग

पहिलं काम पुसण्याचं. हसू नका, निम्मा फोटो तिथंच होतो. कारखान्यातून आलेल्या भागावर गंजरोधक तेल असतं. ते आधी साध्या फडक्याने काढायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायचं. सुती हातमोजे घातल्याशिवाय मशीन केलेल्या पृष्ठभागाला हात लावायचा नाही. घामाचा ठसा फोटोत दिसतोच, वर तेल काढलेल्या लोखंडाला तिथं गंज धरतो आणि तो भाग ग्राहकाला परत द्यायचा असतो.

हायड्रॉलिक सिलिंडरचा क्रोम केलेला रॉड म्हणजे आरसा. आरशावर उजेड टाकून उपयोग नाही, आरशाला काय दिसतंय ते बदलावं लागतं. रॉड आणि लाइट यांच्या मधे ट्रेसिंग पेपरचा मोठा ताव ताणायचा, लाइट त्याच्या मागे दोन-तीन फुटांवर. लाइट कागदाला चिकटवला तर रॉडवर पांढरा गोळा उमटतो. मागे सरकवला की कागदभर उतरता उजेड पसरतो आणि रॉडवर मऊ पट्टा येतो. दोन्ही बाजूंना काळे कार्डशीट उभे केले की कड रेखून निघते. पोलरायझरने (लेन्सवर लावायचा चकाकी कापणारा फिल्टर) चकाकी जाईल असं समजून पुष्कळ जण तो लावून बसतात. काचेवर, पाण्यावर, वार्निशवर तो चालतो. उघड्या धातूची चकाकी नुसत्या फिल्टरने जात नाही, त्यासाठी लाइटवरही पोलरायझिंग शीट चढवावी लागते.

मशीन न केलेल्या ओतकामाचं उलटं आहे. ते मळकट करडं, उजेड गिळणारं. समोरून लाइट मारला की सपाट दगड दिसतो. बाजूने, पृष्ठभागाला घासून जाईल असा लाइट ठेवला तर वाळूचा पोत उठतो.

मापं अशी : ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८ ते एफ ११ (एफ म्हणजे लेन्सच्या भोकाचं माप, आकडा मोठा तितकं भोक लहान), शटर १/१२५. एफ २२ वर नेऊन सगळं शार्प येत नाही, विवर्तनाने (लहान भोकातून जाताना उजेड पसरतो त्याने) उलट मऊ पडतं. खोल वस्तूला पुढून मागे फोकस सरकवत सहा ते दहा फ्रेम घ्यायच्या आणि नंतर जोडायच्या. सुरुवातीला फ्लॅश बंद ठेवून त्याच सेटिंगवर एक फ्रेम काढा. ती पूर्ण काळी आली पाहिजे. काही दिसलं तर ट्यूबलाइटचा किंवा पत्र्याच्या फटीतला उजेड आत येतोय, आणि तो प्रत्येक फोटोचा रंग नासवणार.

चाळीस किलोचा कास्टिंग ॲक्रिलिकच्या शीटवर ठेवू नका. खाली १८ मिलिमीटरचा प्लाय, त्यावर पांढरा कागद. आणि भागाची वरची बाजू कुठली हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय मांडणी करू नका. उलटा ठेवलेला पंपाचा भाग कॅटलॉगात छापला गेला की अख्खा छपाईचा खर्च अंगावर येतो.

भट्टीवर ओतताना फोटो हवा असेल तर : अंगावर सुती कपडे (नायलॉन वितळून कातडीला चिकटतं), बंद बूट, हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, आणि उभं कुठं राहायचं ते सुपरवायझर ठरवणार, फोटोग्राफर नाही. फ्लॅश नाही म्हणजे नाही, लॅडल (वितळलेलं लोखंड ओतायचा मोठा डाव) धरलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. ओतायचं लोखंड १४०० अंशांच्या आसपास असतं. एक्स्पोजर त्या धारेवर धरा, माणूस काळा पडला तरी चालेल. ऑटो व्हाइट बॅलन्स ठेवला तर नारिंगी रंग फिका पडतो, ५५०० केल्विनवर बांधून टाका. फाउंड्रीत लेन्स बदलायची नाही. काळी धूळ सेन्सरवर बसली की एफ ११ ला पांढऱ्या बॅकग्राउंडवर ठिपके मोजत बसावं लागतं.

शहापूर-खासबाग, साड्या

साडीत रंग चुकला की माल परत येतो. बाकी सगळं त्यानंतर.

खोलीतले ट्यूब आणि बल्ब बंद, खिडकीला काळा पडदा. एकाच जातीचे लाइट वापरा. एलईडी असेल तर सीआरआय (लाइटखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, १०० पैकी) ९५ च्या वरचा बघा. लाइटची जागा बदलली की पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायला लागणारं करडं कार्ड) धरायचं, हे असिस्टंटचं काम आहे आणि ते विसरलं की सगळी संध्याकाळ कॉम्प्युटरवर जाते. जांभळा रंग कॅमेरा निळ्याकडे ढकलतो, रामा रंगही फसवतो. त्या साड्यांचा ब्लाउज पीस मॉनिटरशेजारी ठेवूनच रंग जुळवा.

टांगलेली साडी सहा फूट उंच. लाइट तीन फुटांवर ठेवला तर जवळचा भाग पांढरा आणि काठ अंधारात. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हा हिशेब. लाइट आठ-दहा फूट मागे न्या, मग वर-खाली फरक कमी होतो. मीटर चारही कोपऱ्यांत धरून बघा, पाव-तृतीयांश स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त फरक नको. फुल साडीला दोन सॉफ्टबॉक्स ४५ अंशांत, विणीच्या क्लोजअपला मात्र एकच, आडवा.

बारीक विणीवर इंद्रधनुषी लाटा उठतात, त्याला मोआरे म्हणतात. कापडाची वीण आणि सेन्सरची जाळी एकमेकांत अडकल्यामुळे हे होतं. सॉफ्टवेअरमध्ये झगडण्यापेक्षा कॅमेरा अर्धा फूट मागे-पुढे करा नाहीतर थोडा तिरका करा.

रेशमाला उलट्या बाजूने, वर मलमल ठेवून इस्त्री. वाफेचा थेंब पडला तर डाग राहतो. प्रत्येक साडीआधी नंबराच्या चिठ्ठीची एक फ्रेम, मग पूर्ण साडी, पदर, काठ, निऱ्या, ब्लाउज पीस. पांढरी साडी आली म्हणून एक्स्पोजर कमी आणि काळी आली म्हणून जास्त करू नका. सेटिंग एकच राहिलं तरच पांढरी पांढरी आणि काळी काळी दिसते.

खानापूर, पावसाळा आणि सामान

आमच्याकडं पाऊस लागला की आठ-आठ दिवस भिंती ओल्या असतंय बघा. लेन्सला बुरशी लागायला तेवढं बास आहे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यायचा, आत सिलिका जेल आणि दीड-दोनशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं घड्याळ. काटा ४० ते ५० च्या मधे पाहिजे. ३० च्या खाली नेलं तर रबर आणि ग्रीस वाळतंय, ते पण वाईट. सिलिकाचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर भाजून परत वापरायचं. लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवू नका की. चामडं ओल धरतंय आणि बुरशी तिथनंच चालू होते.

एसी गाडीतनं उतरून लगेच बॅग उघडली की काचेवर दव बसतंय. बॅग बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास थांबायचं, फडक्यानं पुसत बसायचं नाही.

स्टँडचं एक सांगतो. आडवा दांडा लावलाय तिथं सी स्टँडचा (तीन कमी-जास्त उंचीच्या पायांचा लोखंडी स्टँड) सगळ्यात उंच पाय दांड्याच्या खाली आणायचा, आणि वाळूची पिशवी त्याच पायावर. बोल्ट अशा बाजूला ठेवायचा की वजनानं तो आवळत गेला पाहिजे, सुटत नाही. हे उलटं झालं की दोन तासांनी लाइट हळूहळू खाली वाकतंय आणि कुणाच्या ध्यानात येत नाही.

कुंदा, करदंट आणि बाकीचं खाणं

एकाच तुकड्यावर लाइट लावून तोच शूट करायचा नाही. एक डमी लाइटसाठी, दोन चांगले झाकून.

कुंदा (बेळगावची दुधाची तपकिरी मिठाई) गार झाला की वरचं तूप पांढरं थिजतं आणि साखर खरखरीत दिसते. कोमट असतानाच ठेवा, ब्रशने किंचित गरम तूप फिरवा. तपकिरी पदार्थ तपकिरी लाकडावर मरतो. पांढरी चिनी माती किंवा पळसाचं पान बघा. लाइट मागून-बाजूने, पुढे थर्माकोलचा तुकडा. समोरून लाइट दिला तर कुंदा मातीसारखा दिसेल, आणि दोष हलवायाला जाईल.

करदंटात डिंक, खारीक, काजू, गूळ असतो, ते दिसायचं असेल तर कापलेली बाजू कॅमेऱ्याकडे. सुरीला तूप लावून एकाच दाबात कापा. करवतीसारखी ओढली तर काजू उपटून येतो. फ्रिजमधून काढलेल्या तुकड्याला घाम येतो, म्हणून फ्रिजमध्ये ठेवूच नका. आणि वरून काजू टोचून वाढवायची हौस आवरा. खोक्यावर दिसतं तेवढं आत नसेल तर ती दिशाभूल ठरते.

अथणी-निपाणी, चपला

कोल्हापुरी चपलेला जीआय (मालाच्या मूळ भागाचा कायदेशीर शिक्का) २०१९ साली मिळालं, त्यात बेळगाव जिल्हा आहे. त्यामुळे बाहेरगावच्या विक्रेत्यांना चांगले फोटो लागतात. डावी-उजवी जोडी एकाच रंगाची आहे का ते आधी उजेडात बघा. कमावलेल्या चामड्यात छटा फिरते. पट्टा बसकट असेल तर आत बटर पेपरचा बोळा, कान पडत असतील तर मागून पातळ तार. उभी दाखवायची तर टाचेखाली पुटीचा गोळा आणि वरून नायलॉनचा दोरा, तो नंतर मिटवता येतो. वेणी आणि अंगठा यांचा क्लोजअप हवाच. कॅमेरा चपलेच्या उंचीला थोडा वर, ५० ते १०० मिलिमीटर लेन्स. वाइड लेन्सने जवळ गेलात की पुढचा अंगठा भोपळा होतो.

निपाणीकडे बिडी-तंबाखूच्या जाहिरातीचं काम विचारायला येतील. तंबाखूच्या जाहिरातीवर २००३ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा तिथंच हात जोडा.

एक दुरुस्ती

वर साडीवाल्यांनी एलईडी लिहिलंय. साडीला ठीक. मशीनच्या भागाला आणि माणसाला मात्र फ्लॅशच बरा. तेवढ्या उजेडासाठी एलईडीला शटर हळू करावं लागतं, आणि कारखान्यात शेजारचा प्रेस चालला की ट्रायपॉड थरथरतो. फ्लॅश लावला की शटरला १/२०० ते १/२५० ची मर्यादा असते. त्याच्या वर गेलात की फ्रेमच्या कडेला काळी पट्टी. मोठी मोटर सुरू झाली की व्होल्टेज बसतं, फ्लॅश भरायला वेळ लागतो. 'बीप' ऐकू आल्याशिवाय बटण दाबू नका, नाहीतर दर तिसरी फ्रेम काळवंडलेली. आणि पाच अँपियरच्या बोर्डावर तीन फ्लॅश आणि इस्त्री एकत्र नको.

फाइल, कागद, पैसा

कार्ड नेहमी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, तेही दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्यावर आणि दोन्हीकडून चार-दोन फाइल उघडून बघितल्यावर. भरलेलं कार्ड पाकिटात पालथं ठेवा, रिकामं सुलटं. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल (कॅमेऱ्याची न दाबलेली मूळ फाइल) ३० एमबीच्या आसपास धरा, म्हणजे ५०० फ्रेम १५ जीबी. ए-४ छपाईला ३०० डीपीआयने २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, वेबला एसआरजीबी (स्क्रीनसाठीची रंगांची ठरलेली पद्धत). ग्राहकाला पांढरं बॅकग्राउंड हवं असेल तर २५५ चं (स्क्रीनवरचा सगळ्यात पांढरा आकडा) शुभ्र हवं की किंचित करडं चालेल, ते आधीच विचारा. लॅपटॉपला जोडून शूट करताना केबल टेबलाच्या पायाला टेप करा. पाय अडकला तर केबल सुटावी, कॅमेरा पडू नये.

हक्काचं नीट वाचा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ : नोकरीच्या किंवा उमेदवारीच्या कराराखाली केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, नोकरी देणाराच. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा ग्राहक. म्हणजे तुम्ही बटण दाबलं म्हणून फोटो तुमचा होत नाही. पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी, महिन्याचे पैसे, जेवण-प्रवास, हे सुरुवातीलाच एका कागदावर लिहून घ्या. गुरू कितीही दिलदार असो.

स्वतःचं काम घ्यायला लागलात तर : वर्षाला २० लाखांपर्यंत सेवेला जीएसटी नोंदणी लागत नाही. नोंदणी झाली असेल तर चंदगड-कोल्हापूरच्या नोंदणी असलेल्या ग्राहकाच्या बिलात आयजीएसटी लावायचा, बेळगावच्या बिलात सीजीएसटी आणि एसजीएसटी. सरहद्दीवर ही चूक हमखास होते.

सेटवरचं बोलणं

कारखान्यातला हेल्पर बऱ्याचदा कन्नड बोलतो. 'एडक्के' डावीकडे, 'बलक्के' उजवीकडे, 'मुंदे' पुढे, 'हिंदे' मागे, 'मेले' वर, 'केळगे' खाली, 'स्वल्प' जरा, 'साकु' पुरे. एवढं आलं तर पाठीमागून कटर (उजेड अडवायचा काळा पडदा) धरलेल्या माणसाशी खुणा करत बसावं लागत नाही. फक्त डावं-उजवं कॅमेऱ्याचं धरायचं की वस्तूचं, हे एकदा ठरवून घ्या. खोक्यावर कन्नड आणि मराठी दोन्ही बाजू छापलेल्या असतात, तेव्हा दोन्ही बाजू स्वतंत्र शूट करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याच मांडणीसाठी परत यावं लागतं.

पिशवीत काय असावं

काळा आणि पांढरा कार्डशीट, ब्लोअर, पुटी, नायलॉनचा दोरा, क्लिपा डझनभर, छोटी पक्कड, इअरबड, ग्लिसरीन आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळलेली स्प्रे बाटली (थंड पेयाच्या बाटलीवरचे थेंब तासभर टिकतात), गॅफर टेप. साधी तपकिरी पॅकिंग टेप नको. भिंतीचा रंग आणि टेबलाचं पॉलिश ती बरोबर घेऊन निघते.