मदत हवी आहे : प्राग की बार्सिलोना?

ओसरी
दोन्हींतलं एकच शहर निवडायचंय. सहा दिवस आहेत. फक्त इमारती बघायच्या आहेत. खरेदी, समुद्रकिनारा काही नको. पंधरा दिवस वाचतोय आणि जो तो एवढंच सांगतो की दोन्ही सुंदर आहेत. ते मलाही दिसतंय! परवा तिकिटं काढायची आहेत. कृपया एकच नाव सांगा आणि कारण सांगा.

कमानवेडा
प्राग. १३५७ मध्ये पायाभरणी झालेल्या चार्ल्स पुलावरून निघा, वर किल्ल्यात सेंट व्हिटस कॅथीड्रल बघा, खाली येऊन १९१२ चं 'काळ्या मॅडोनाचं घर' बघा आणि नदीकाठानं १९९६ च्या 'नाचणाऱ्या इमारती'पर्यंत जा. साडेसहाशे वर्षं एका दिवसात पायाखालून जातात. ते मॅडोनाचं घर तर क्यूबिस्ट आहे, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मांडणाऱ्या शैलीतलं. चित्रांतला क्यूबिझम खऱ्या घरांत उतरलेला बघायला प्रागसारखं दुसरं शहर नाही.

उंबरठा
कोणता महिना? बरोबर कोण आहे? चढ-उतार झेपतो का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

तिसरा_माळा
बार्सिलोना, डोळे मिटून. प्रागसारखे जुने चौक युरोपात आणखी सापडतील, इथला वास्तुकार गाउदी एवढ्या प्रमाणात दुसरीकडे कुठे सापडणार? आणि गाउदी सोडला तरी शहराची आखणी बघा. नगररचनाकार सेर्दाच्या १८५९ च्या आराखड्यात प्रत्येक चौकोनाचे कोपरे छाटलेले आहेत, त्यामुळे दर चौक अष्टकोनी होतो आणि उजेड थेट रस्त्यावर उतरतो. पासेच दे ग्रासिया या रस्त्यावर तीन मोठ्या वास्तुकारांची घरं एकाच ओळीत उभी आहेत. अर्धा दिवस तिथंच जातो.

कमानवेडा
@तिसरा_माळा, गाउदीच्या सग्रादा फमिलिया चर्चचं काम १८८२ पासून चाललंय. गाउदी १९२६ मध्ये गेला, १९३६ मध्ये त्याचे आराखडे जाळले, प्लास्टरचे नमुने फोडले. पुढचं सगळं काम त्याचं कसं म्हणायचं?

तिसरा_माळा
मग सेंट व्हिटस कोणाचं? काम सुरू १३४४ ला, त्याचा वास्तुकार पेटर पार्लर गेला १३९९ ला, पूर्ण झालं १९२९ ला. तिथं चालतं, इथं का नाही?

पारिजात_क
दोन्ही सोडा, व्हिएन्नाला जा. वास्तुकार ओट्टो वाग्नरची पोस्टल सेव्हिंग्ज बँक बघितल्यावर मी तिथून हललेच नाही. काचेचं छत, त्याखाली काचेच्याच विटांची जमीन!

नकाशेवाला
वाइड लेन्स नक्की घ्या. कॅथीड्रलमध्ये साध्या लेन्समध्ये छत मावत नाही. आणि दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, व्हिसा एकच लागेल.

ओसरी
लेन्सचं विचारलं नव्हतं, व्हिएन्नाचंही नाही. ऑक्टोबरमध्ये जायचंय. मी आणि बाबा. बाबा ७१ वर्षांचे, गुडघे दुखतात, सपाटीवर तासभर चालतात. आयुष्यभर गवंडीकाम केलं त्यांनी. विटेची कमान दोरी-ओळंब्यावर उभी करायचे. त्यांच्यासाठीच जायचंय.

उंबरठा
अहो, हेच आधी लिहायचं होतंत! बार्सिलोना. त्यांना गाउदीच्या ला पेद्रेरा या इमारतीच्या माळ्यावर न्या. पातळ विटांच्या २७० कमानी आहेत, एखाद्या मोठ्या प्राण्याच्या बरगड्यांत उभं राहिल्यासारखं वाटतं. दोरीची दोन्ही टोकं धरली की मधे जो झोळ पडतो, तो उलटा केला की ही कमान. कमानींची उंची कमी-जास्त आहे, म्हणून वरची गच्चीही वर-खाली होते. वर जायला लिफ्ट आहे. गच्चीवर मात्र पायऱ्याच पायऱ्या, तिथं त्यांनी बेताबेतानंच फिरावं.

सग्रादाचं तिकीट वेळेनुसार मिळतं, आधी काढा. सकाळी पूर्वेकडून निळा-हिरवा उजेड आत येतो, दुपारनंतर पश्चिमेकडून तांबडा-केशरी. मनोऱ्यावर जाऊ नका. लिफ्ट वर नेते, उतरायचं अरुंद गोल जिन्यानं, ते गुडघ्यांना सोसणार नाही.

कमानवेडा
गवंड्याला दगडही कळतो. प्रागच्या किल्ल्यातला व्लादिस्लाव हॉल बघितलाय का? १५०२ ला पूर्ण झाला. मधे एकही खांब नाही, आणि छताच्या दगडी फासळ्या वेलीसारख्या वळत एकमेकींत शिरतात. किल्ल्याच्या चढाची काळजी नको, २२ नंबरची ट्राम वर नेते. मी माझं मत बदलत नाही.

उंबरठा
हॉल अप्रतिम आहे, मान्य. पण ट्राममधून उतरल्यावर पुढे? जुन्या भागात सगळी दगडी फरसबंदी. माझ्या आईचे गुडघे दुसऱ्याच दिवशी सुजले आणि उरलेले दिवस ती खोलीत बसून राहिली. बार्सिलोनात पार्क ग्वेलचा चढ सोडला तर गाउदीची बहुतेक घरं सपाटीवर आहेत.

ओसरी
कमानवेडा, हॉलचे फोटो बाबांना दाखवले, ते बराच वेळ बघत होते. मग झोळाच्या कमानीचं वाचून दाखवलं तर उठून घरातली सुतळी घेऊन आले आणि दाराच्या चौकटीला दोन खिळ्यांवर टांगली. बार्सिलोना ठरलं. दोऱ्या टांगून गाउदीनं केलेला नमुना कुठे बघायला मिळेल? हे त्यांनीच विचारलंय.

उंबरठा
सग्रादाच्या तळघरातल्या संग्रहालयात त्याची प्रतिकृती आहे. दोऱ्या आणि शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या. तो नमुना ज्या चर्चसाठी केला त्याचा फक्त खालचा भाग बांधून झाला, तो शहराबाहेर कोलोनिया ग्वेलला आहे. प्लासा द'एस्पान्याहून लोकल जाते, स्टेशनचं नावही तेच. गर्दी कमी असते. तिथले तिरके विटांचे खांब बाबांना हात लावून बघू द्या.