'बाग' विषयावर बोलायचंय आणि माझंच मन कोरडं पडलंय

गमल्यातला_मोगरा (इंदूर)
सलाम सगळ्यांना. ईस्टरच्या आधी आमच्या भगिनी मंडळात मला दहा मिनिटं बोलायचंय, विषय 'बाग'. एदेन, गेथशेमाने, कबरेजवळची बाग, सगळं माहितीये हो, लहानपणापासून संडे स्कूलमध्ये तेच ऐकलं आणि आता मीच शिकवते. पण खरं सांगू का, गेलं वर्षभर आतून काही वाटतच नाही. रविवारी संडे स्कूल, बुधवारी घरोघरची प्रार्थना, शुक्रवारी क्वायरची प्रॅक्टिस, एकही चुकवत नाही आणि तरी बायबल उघडलं की डोळे फक्त ओळींवरून फिरतात. त्यात गच्चीवरचा मोगरा, सासूबाईंनी लावलेला, मार्चमध्ये कळ्यांनी भरायचा तो यंदा पिवळा पडलाय (गमला म्हणजे कुंडी, आम्ही इंदूरवाले असंच बोलतो). नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं तरी मी बादली भरून ठेवते आणि रोज न चुकता घालते. तर संजीवनाबद्दल बोलायला मी उभी कशी राहू? कोणाला असं झालंय का?

किद्रोनपलीकडे
ताई सलाम. भाषणापुरता एक मुद्दा देतो, पटला तर घ्या. प्रभूला अटक झाली त्या जागेला चार शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि मार्क गेथशेमाने हे नाव देतात, त्याचा अर्थ तेलाचा घाणा. योहान ते नाव घेतच नाही, तो म्हणतो किद्रोन ओहोळापलीकडे एक बाग होती (१८:१). पुढे वधस्तंभाच्या जागीही बाग होती आणि तिच्यात नवी कबर, हेही चौघांत फक्त तोच सांगतो (१९:४१). आणि मग पुनरुत्थानाच्या सकाळी मरीया मग्दालीया प्रभूला बघून काय समजते तर माळी (२०:१५)! लोक याला तिची चूक म्हणून हसून सोडून देतात, मला नाही वाटत ती फार चुकली. आदामाला बाग मशागत करायला आणि राखायलाच दिली होती ना. आणि बघा, तेव्हा तीही रडतच होती, काही छान वाटत वगैरे नव्हतं, समोर उभा असून ओळखता आलं नाही. नावाने हाक मारली तेव्हा कळलं. तुमच्या 'काही वाटत नाही' ची काळजी मला म्हणून कमी वाटते.

निफाडची_सून
अगं मी मूळची द्राक्षाच्या गावची, लग्न होऊन इंदूरला आले, म्हणून राहवत नाही. योहान १५ मधला द्राक्षवेल (प्रभू वेल, आपण फांद्या, आणि फळ देणारी फांदी पिता छाटतो) सगळे सांगतात पण छाटणी किती जणांनी बघितलीये? आमच्याकडे वर्षातून दोनदा होते, एक एप्रिलमध्ये, तिला खरड छाटणी म्हणतात, आणि दुसरी ऑक्टोबरची, फळासाठी. माल निघून गेला की एप्रिलच्या उन्हात काड्या अशा कापतात की मांडवाखाली नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे जाड जुने हात, उरतात, नवीन माणूस बघितला तर म्हणेल बाग मेली. आणि त्या छाटणीनंतर लगेच द्राक्षं येतच नाहीत! नुसत्या काड्या वाढतात, आतल्या आत काडीच्या डोळ्यात (कोंबात) घड तयार होतो, तो दिसतो ऑक्टोबरनंतर. वडील उन्हात उभे राहून मजुरांना ओरडायचे 'अजून खाली घ्या, जीव लावू नका'. पाळकसाहेबांनी एकदा सांगितलेलं की त्या अध्यायात छाटणं आणि पुढच्याच वचनातलं 'शुद्ध' हे मूळ ग्रीकमध्ये एकाच शब्दाच्या घरातले आहेत. तर तुझा हा एप्रिल असेल असं समज.

तिसरा_मजला
निफाडच्या ताई, माफ करा, सगळा कोरडेपणा देवाच्या कात्रीवर टाकू नका. प्रश्न नीट वाचा. त्या म्हणतात मोगऱ्याला रोज पाणी घालते आणि पिवळा पडतोय. मालव्यातली काळी माती पाणी धरून ठेवते, गमल्यात तर चिखलाचा गोळा होतो, खाली भोक बंद असेल तर मुळं कुजतात. ही छाटणी नाही, हा अति पाण्याचा त्रास आहे. रविवार, बुधवार, शुक्रवार, हेही मला तसंच दिसतंय, पाणी वरून ओतणं चाललंय आणि निचरा कुठेच नाही. मी स्वतः चार वर्षं क्वायर बघत होतो, एका गुड फ्रायडेला गाणं गाताना मनात स्पीकरच्या वायरींचा विचार चालू होता, तेव्हा कळलं. लूक १३ मधला अंजिराचा माळी बघा, तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक, आणि हा म्हणतो एवढं वर्ष राहू द्या, भोवती खणतो, खत घालतो. पाणी नाही म्हणाला. खणतो म्हणाला. आणि खत म्हणजे शेवटी घाणच, कुजलेलंच, ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या इंदूरला हे काय शिकवायचं.

किद्रोनपलीकडे
मुळांचं पटलं. पण सेवा सोडून द्या असं सांगताय की काय?

तिसरा_मजला
नाही हो. एक दिवस द्या कोणाला तरी. आधी गमला उलटा करून बघा.

फुलांमुलांचे
थोडं अवांतर. रेव्ह. ना. वा. टिळकांना लोक फुलांमुलांचे कवी म्हणायचे, १८९५ ला बाप्तिस्मा घेतल्यावरही अभंगाची चाल सोडली नाही त्यांनी. आमची आजी बागेत खुरपताना त्यांची पदं म्हणायची, 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातली. वाचायला जमत नसेल तर गुणगुणून बघा ताई, ते ओळींवरून घसरत नाही.

गमल्यातला_मोगरा (इंदूर)
काल संध्याकाळी उलटा केला. गमल्याच्या आकाराचा गोळा निघाला जसाच्या तसा, खालचं भोक मुळांनी गच्च, आणि वास असा की सासूबाई आतून विचारायला आल्या काय मेलंय म्हणून. काळी मुळं हाताला लागली की गळून पडत होती, पण मध्ये थोडी पांढरी आहेत. ती राहू देत कापलं, वाळू आणि शेणखत मिसळून परत लावलं, सावलीत ठेवलंय. बसल्याबसल्या रडू आलं, का ते माहीत नाही, मोगऱ्यासाठी तर नक्कीच नाही. शुक्रवारच्या क्वायरला नाही येत म्हणून फोन केला, समोरून 'बरं' एवढंच, मला वाटलेलं फार बोलतील. भाषणात गमल्याचंच सांगणारे, वासासकट. निफाडच्या ताई, वरच्या फांद्या आत्ता कापू का? ऊन फार आहे.

निफाडची_सून
सुकलेल्या तेवढ्या काढ. हिरव्याला हात लावू नकोस, पाऊस पडू दे. आणि आठ दिवस बादली लपवून ठेव गं बाई, माती बोट घालून बघ, कोरडी लागली तरच पाणी.