मदत हवी आहे: एकाच जागेवरून डॉप्लर मोजून उपग्रहाची कक्षा काढणे

नमस्कार मंडळी,

पुण्यात गच्चीवर आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) लावून मी ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे क्यूबसॅटचे (छोट्या घनाकार उपग्रहांचे) बीकन, म्हणजे ते सतत पाठवत असलेले ओळखसंदेश, ऐकतो. आपण कुठलाही संदेश न पाठवता नुसतं ऐकून वस्तू कुठे आहे ते काढायचं, हे मला फार मोलाचं वाटतं. १९५७मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख या शास्त्रज्ञांनी स्पुटनिकच्या २०.००५ मेगाहर्ट्झच्या संदेशावरून हेच केलं होतं.

पीएसएलव्ही एका दमात डझनावारी उपग्रह सोडतं (२०१७च्या सी-३७मध्ये तर १०४ होते), तेव्हा सुरुवातीला कोणती कक्षा कोणाची ते कळत नाही. म्हणून हा खटाटोप.

उपग्रह जवळ येताना त्याची वारंवारता वाढलेली आणि दूर जाताना कमी झालेली ऐकू येते, हाच डॉप्लर परिणाम. उपग्रह ६०० किमी उंचीवरून थेट डोक्यावरून गेला तर वारंवारता मध्यावर सेकंदाला सव्वाशे हर्ट्झच्या आसपास घसरते. लांबून गेला तर उतार मंद. इथवर ठीक. पण लेव्हेनबर्ग-मार्क्वार्टने (मोजमापांशी सर्वांत जुळणारं उत्तर शोधणाऱ्या गणिती पद्धतीने) सहाही कक्षाघटक, म्हणजे कक्षा ठरवणारे सहा आकडे, काढायला गेलं की दोन उत्तरं येतात, एक माझ्या पूर्वेकडून जाणारं, एक पश्चिमेकडून, आणि दोन्हींची उरलेली चूक जवळपास सारखीच! शिवाय माझ्या रिसीव्हरचा क्रिस्टल (वारंवारता ठरवणारा स्फटिक) १ पीपीएमचा (दहा लाखांत एक भाग चुकणारा), म्हणजे ४३७ हर्ट्झ इकडे-तिकडे. तो तापून सरकतो. ते सरकणंही अज्ञात धरलं की कक्षेची अनिश्चितता भलतीच फुगते. काय करावं?

उत्तर:

कोडमध्ये दोष नाही, भूमितीच तशी आहे. ही डावी-उजवी सममिती मोडते ती फक्त पृथ्वीच्या फिरण्याने. पुणं सेकंदाला साधारण ४४० मीटर पूर्वेकडे सरकतं, तेवढाच काय तो फरक. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सुरुवात करून बघा आणि बारा तासांनंतरचा उलट दिशेचा पास (उपग्रहाची आकाशातली फेरी) त्याच फिटमध्ये घाला. खोटं उत्तर तिथे टिकत नाही.

एका पासवर सहा घटक मागूच नका. कल (कक्षेचा विषुववृत्ताशी कोन) आणि उंची प्रक्षेपणाच्या जाहीर माहितीतून घ्या, मोकळे फक्त वेळ आणि पाताची (कक्षा विषुववृत्ताची पातळी ओलांडते त्या बिंदूची) दिशा ठेवा. उपग्रहाच्या ट्रान्समीटरची चूक आणि तुमच्या रिसीव्हरची चूक वेगळ्या काढता येणार नाहीत, म्हणून प्रत्येक पासला दोन्हींचा मिळून एकच स्थिरांक धरा. सरकण्याचं म्हणाल तर रिसीव्हर अर्धा तास आधी चालू ठेवा आणि पासच्या आधी व नंतर ओळखीचा, स्थिर कॅरियर (ठरलेल्या वारंवारतेचा रेडिओ संदेश) मोजून ते गणिताबाहेरच वजा करा.

फक्त उपग्रह ओळखायचा असेल तर कक्षा काढायचीही गरज नाही. प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक टीएलईची (उपग्रहाच्या कक्षेची दोन ओळींतली नोंद) डॉप्लर वक्ररेषा काढून तुमच्या मोजमापांशी ताडून बघा.